टाकीवरचा पहारा

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सव्वानऊला, श्रुतीनं टाकीचं झाकण उचललं आणि धूर आला नाही.

एरवी तो यायचाच. झाकण जरा हललं की पांढरा गार धूर काठावरून ओसंडून फरशीवर उतरायचा, पायांशी घोटाळायचा आणि विरून जायचा. आत पातळ नायट्रोजन असला की असंच होतं, भलत्याच थंडीचा असतो तो. श्रुतीनं झाकण पूर्ण काढलं, वाकून पाहिलं, मग कपाटातून मोजायची लाकडी पट्टी शोधून आणली आणि तळापर्यंत घातली. पट्टी वर आली ती कोरडी. तिच्यावर दंवाचा कणसुद्धा नव्हता.

"काका," ती म्हणाली, "इसमें कुछ नहीं है. टाकी खाली आहे, काका."

दारात उभे असलेले सूर्याजीराव जगताप म्हणाले, "असं कसं होईल? मला मेसेज आला असता ना."

पुढच्या तासाभरात हे वाक्य त्यांनी निदान सहा वेळा म्हटलं. हा मेसेज त्यांनाच का यायला हवा होता आणि तो का आला नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

सूर्याजीराव काही इंजिनियर नव्हेत. त्यांचे पूर्वज साताऱ्याकडून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. फौज गेली, जहागीर तर कधी नव्हतीच. उरली एक तलवार आणि सुनेला अहो-जाहो करण्याची रीत. सूर्याजीरावांनी बावीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या. टोपी बाजारातल्या एकेका खांबाशी त्यांची जुनी ओळख होती, कुठल्या खांबावर माकडं असतात तेही त्यांना पाठ होतं. मग घरोघरचे फोन बंद पडले, खात्यानं पन्नाशीतच घरी बसवलं आणि ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना नोकरी लागली. मूल होत नसलेल्या जोडप्यांचा दवाखाना तो. काम होतं वायरिंग आणि बॅटऱ्या सांभाळण्याचं. पण दवाखान्याचा सर्व्हर ज्या खोलीत होता तिथेच बॅटऱ्याही होत्या, आणि दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सर्व्हरही हळूहळू त्यांच्याच गळ्यात पडला.

त्यांना तो शिकवला इंदूरहून आलेल्या विहंग नावाच्या इंजिनियरनं. पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात इंग्रजी शब्द टाइप करायचे आणि एंटर दाबायचं. माऊस नाही, चित्रं नाहीत. सूर्याजीरावांना हे फार आवडलं. आपण हुकूम द्यायचा आणि यंत्रानं तो पाळायचा, मधे कोणी नाही. इंग्रजी स्पेलिंग मात्र त्यांना दगा द्यायचं, म्हणून त्यांनी एक लांबट वही केली आणि प्रत्येक हुकूम तिच्यात आधी देवनागरीत लिहिला, खाली रोमन अक्षरं सुटी सुटी. काम झालं की समोर बरोबरची खूण. वहीत लिहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही कमांड दाबली नाही.

टाकीवर नजर ठेवणारा प्लगिन विहंगनंच बसवून दिला होता. सर्व्हरची देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलेला एक छोटा तुकडा. टाकीत एक सेन्सर सोडलेला, त्याची तार सर्व्हरला. नायट्रोजनची पातळी उतरली की प्लगिन सूर्याजीरावांच्या फोनवर मेसेज टाकणार. सूर्याजीराव त्याला पहारेकरी म्हणत. वहीच्या डाव्या पानावर पहारेकरी बसवायचे हुकूम होते, उजव्या पानावर काढायचे. पहारेकरी येण्याआधी प्रयोगशाळा सांभाळणारी श्रुती रोज संध्याकाळी पट्टी बुडवून मोजायची. तो आल्यावर पट्टी कपाटात गेली. काकांचा फोन गप्प आहे म्हणजे टाकी भरलेली आहे, असं सगळा दवाखाना धरून चालला. तीन वर्षं ते खरंही होतं.

आणि त्या टाकीत त्यांच्या मुलाच्या तीन नळ्या होत्या.

विक्रमसिंह त्यांचा एकुलता एक मुलगा. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. औषधं सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाले, यानंतर मूल होईलच असं सांगता येत नाही, बीज साठवून ठेवा. सूर्याजीराव त्याला आपल्याच दवाखान्यात घेऊन आले. विक्रमनं फॉर्मवर लिहून दिलं की आपल्यामागे आपल्या बायकोला हे वापरता येईल. सही करून तो हसला आणि म्हणाला, "आबासाहेब, आता मी तुमच्या पहाऱ्यात. जरा ध्यान ठेवा हं." चौदा महिन्यांनी तो गेला.

त्याची बायको गरिमा मुरारच्या शाळेत शिकवते. दोन वर्षं ती या विषयावर अवाक्षर बोलली नाही. माहेरचे न्यायला आले, ती गेली नाही. यंदा गणपती उठल्यावर तिनं सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं, "मला मूल हवंय. यांचं." सुधाताई, म्हणजे सूर्याजीरावांच्या पत्नी, कितीतरी वेळ रडत होत्या आणि मधेच हसतही होत्या. तपासण्या झाल्या, कागद झाले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दिवस ठरवला तो हाच, भाऊबीजेनंतरचा शुक्रवार. दुपारी एक वाजता गरिमा यायची होती.

आता खंडेनवमीचं. जगतापांच्या घरी त्या दिवशी तलवार निघते. आदल्या दिवशी राख आणि लिंबानं घासायची, गंजाचा ठिपका राहता कामा नये. मग पाटावर लाल कापड, हार, हळदकुंकू. हत्यार एकदा पूजेला बसलं की दसरा होईपर्यंत त्यानं काम करायचं नाही. त्या तलवारीनं शंभरेक वर्षांत कणीस कापलेलं नाही हा भाग वेगळा. म्हणून मग घरातले आपापलं रोजचं हत्यार तिच्याशेजारी मांडतात. वडिलांचा पाना अजून असतो. सूर्याजीरावांची पक्कड असते, गरिमाचं लाल शाईचं पेन असतं, आणि विक्रम गेल्यापासून त्याची मोटरसायकलची किल्ली.

सूर्याजीरावांचं आताचं हत्यार म्हणजे पहारेकरी. तो पाटावर कसा मांडणार? त्यांनीच तोड काढली होती. नवमीला सकाळी दवाखान्यात जायचं, सर्व्हरच्या कपाटाला कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि पहारेकऱ्याला एका कमांडनं खाली उतरवायचं. त्याला दोन दिवस विसावा. तेवढे दोन दिवस श्रुतीनं पट्टीनं मोजायचं. एकादशीला डावं पान उघडून तो पुन्हा बसवायचा. इंजिनियर लोक ऐकतील तर हसतील, पण दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

उजव्या पानावर काढण्याचे हुकूम दोन होते. 'रिमूव्ह' म्हटलं की पहारेकरी जातो, पण त्याचं सामान, त्याच्या नोंदी तिथेच राहतात. 'पर्ज' म्हटलं की तो सामानासकट जातो आणि खोली धुऊन निघते. आधीची दोन वर्षं सूर्याजीरावांनी पहिलाच हुकूम वापरला. यंदाही तोच वापरून ते घरी आले आणि सोवळं नेसून पूजेला बसले.

पण यंदा कुठंतरी शेपूट अडकलं होतं. पहारेकरी गेला तरी त्याचा एक तुकडा मागे राहून मेसेज टाकत होता, 'संपर्क तुटला', दर दहा मिनिटांनी. हार घालताना फोन वाजला. आरतीला वाजला. विक्रमच्या किल्लीला कुंकू लावायला गरिमा वाकली तेव्हा पुन्हा वाजला. तिचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, "आबासाहेब, आज तरी याला गप्प करा ना."

सूर्याजीराव उठले. घरचा लॅपटॉप उघडून त्यांनी दुसरा हुकूम वहीत लिहिला आणि दाबला. पर्ज. फोन गप्प झाला. त्यांना त्यात बरंसुद्धा वाटलं. हत्यार पूजेआधी लख्ख घासायचं असतं, इतकी वर्षं आपण हे अर्धवटच ठेवत होतो, असं त्यांच्या मनात आलं. वहीत त्यांनी बरोबरची खूण केली आणि परत पाटावर येऊन बसले.

एकादशीला त्यांनी डावं पान उघडलं. तीन ओळी, तीन हुकूम. तिसऱ्यानंतर पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं की पहारेकरी चालू आहे. खूण झाली. पण विहंगनं तीन वर्षांपूर्वी तो बसवला तेव्हा एक चौथी गोष्टही केली होती. सामानाच्या फाइलीत त्यानं सूर्याजीरावांचा फोन नंबर भरला होता. ती ओळ वहीत नव्हती. कारण तेवढ्यात सूर्याजीराव त्याच्यासाठी चहा आणायला खाली गेले होते.

बिचाऱ्याला कुठून कळावं? नव्या पहारेकऱ्यानं डोळे उघडले, टाकी पाहिली, नंबर शोधला, तो सापडला नाही. मग त्यानं आपली पत्रं सर्व्हरच्याच आतल्या टपालपेटीत टाकायला सुरुवात केली.

तर शुक्रवारी. श्रुतीनं विक्रमची एक नळी काढली. तिला हातमोजे घालायचीसुद्धा गरज पडली नाही, नळी खोलीइतकीच गरम होती. थेंब काचेवर घेऊन तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. खूप वेळ पाहिलं, चाक मागेपुढे फिरवलं. मग डोळे न उचलताच तिनं मान हलवली.

"दुसरी बघ," सूर्याजीराव म्हणाले.

"काका, सगळ्या एकाच टाकीत होत्या ना."

"तू बघ तर, बेटा."

तिनं दुसरी पाहिली. तिसरीला हात लावायला ती तयार होईना. त्या टाकीत एकट्या विक्रमचं नव्हतं, आणखी चाळीसेक घरांचं होतं, आणि श्रुती आता त्या यादीकडे पाहून रडायला लागली होती. सूर्याजीरावांना त्या चाळीस घरांची आठवण झाली नाही. पुढं कितीतरी दिवसांनी झाली, तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ते सर्व्हरच्या खोलीत गेले. काळी खिडकी उघडली, नाव घातलं, पासवर्ड घातला. पहिलीच ओळ आली, 'यू हॅव मेल'. ही ओळ त्यांनी एकादशीपासून चार-पाच वेळा पाहिली होती. यंत्राची सभ्यता असेल, राम राम म्हणत असेल, असं समजून त्यांनी ती सोडून दिली होती. आता त्यांनी ती वाचली. टपाल कसं उघडायचं ते वहीत नव्हतं. त्यांनी विहंगला फोन लावला. विहंगनं एक शब्द सांगितला आणि विचारलं, "का हो काका, काय झालं?" सूर्याजीरावांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक कमांड वहीत न लिहिता दाबली.

एकोणतीस पत्रं होती.

पहिलं एकादशीचं. फोन नंबर भरलेला नाही, तो भरेपर्यंत सूचना इथे ठेवल्या जातील. साधं, सरळ, अदबीचं इंग्रजी. सूर्याजीरावांना तेवढं समजत होतं. पुढचं वसुबारसेच्या संध्याकाळचं. पातळी पंधरा सेंटिमीटर, उतरण्याचा वेग नेहमीपेक्षा जास्त, टाकी तपासावी. टाकीच्या दुहेरी भिंतीत कुठंतरी हवा शिरली होती आणि नायट्रोजन उडून चालला होता. मग दर सहा तासांनी एक. तेरा. अकरा. धनत्रयोदशीला दुपारी दवाखाना बंद झाला, श्रुती झाशीला भावाकडे गेली. नायट्रोजनवाल्यानं सोमवारऐवजी दिवाळीनंतर येतो म्हणून कळवलं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नऊ. लक्ष्मीपूजनाला दुपारी सहा सेंटिमीटर.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते घरून सर्व्हरवर आले होते. सणाचा दिवस, एकदा बघून घ्यावं म्हणून. हिरवी अक्षरं पाहिली, राम राम पाहिला, आणि खिडकी मिटून ते पणत्यांच्या वाती करायला बसले. तेव्हा टाकीत सहा सेंटिमीटर होता. नळ्या बुडायला पाच पुरतात.

पाडव्याला सकाळी शून्य. त्यानंतरही पत्रं थांबली नव्हती. शून्य. शून्य. शून्य. भाऊबीजेला गरिमाचा भाऊ आला होता, ताटात करंज्या होत्या, आणि इथे हा एकटा सहा-सहा तासांनी ओरडत होता.

सूर्याजीरावांनी कपाळ टेबलावर टेकलं. मग एकाएकी उठले आणि चालायला लागले.

"कुठे चाललात, काका?"

"नायट्रोजन आणायला."

"आता काय उपयोग? एकदा वितळलं की..."

"भरायला नको का? टाकी रिकामी कशी ठेवायची?"

या प्रश्नाला काही अर्थ नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. पण माणूस अशा वेळी पायांना काम देतो. मुरारला गाईम्हशींच्या रेतनासाठी नायट्रोजन पुरवणारा एक डेपो आहे, तिथं ते रिक्षानं गेले. डेपोवाला दिवाळीच्या सुट्टीनंतर नुकताच कुलूप काढत होता. त्याला त्यांनी हात जोडले. पन्नाशीपुढचा, मिशीवाला, सदरा इस्त्रीचा घातलेला माणूस आपल्यापुढे हात का जोडतोय हे त्याला समजेना. "क्या हुआ दाऊ, भैंस गरम है क्या?" त्यानं विचारलं. सूर्याजीराव हो म्हणाले. ॲल्युमिनियमची ती अवजड कॅन दोन्ही गुडघ्यांमधे धरून ते परत निघाले. वाटेत गरिमाची शाळा लागली. मुलांना अजून सुट्टी होती, फाटक बंद होतं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

वाटेत एकदा त्यांनी देवाला काही मागायचा प्रयत्न केला, पण नेमकं काय मागावं हेच सुचेना. लक्ष्मीपूजनाची दुपार परत मागावी की एकादशीची सकाळ? की विहंगला चहाच नको असता तर? असा विचार सुरू झाला की त्याला अंत नाही. त्यांनी कॅन घट्ट धरून ठेवली. तिच्या वजनानं मांड्या बधिर झाल्या.

साडेबाराला त्यांनी आणि श्रुतीनं मिळून नायट्रोजन टाकीत ओतला. तो उकळला, फुसफुसला आणि मग शांत झाला. आणि धूर आला. पांढरा, गार, नेहमीसारखा काठावरून उतरून पायांशी घोटाळायला लागला. नळ्या पुन्हा बुडाल्या. पट्टीवर दंव चढलं. कोणी आत्ता आलं असतं तर त्याला काहीच वेगळं दिसलं नसतं.

नेमक्या त्याच वेळी डॉक्टर सीमंतिनी आत आल्या. दवाखाना त्यांचाच. श्रुतीनं त्यांना सकाळीच फोनवर सगळं सांगितलं होतं, मशीनमधल्या पत्रांसकट. त्यांनी टाकी पाहिली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

"सूर्याजीराव, झालं ते फार वाईट झालं. मला समजतंय, तुमचं तर स्वतःचं होतं. पण आता ऐका. गरिमाला बाहेरच बसवून ठेवा. तासाभरानं मी तिला सांगते की आम्ही प्रयत्न केला, पण वितळवताना ते टिकलं नाही. असं होतं, खूपदा होतं, कोणाचाच दोष नसतो. तिला त्रास होईल, पण निदान राग तरी यायचा नाही. घरात तुम्हाला रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत."

सूर्याजीराव पट्टीवरचं दंव बोटानं पुसत होते.

"आणि ते मेसेज आहेत ना मशीनमधे, ते काढून टाका. बाकीच्या घरांना मी एकेक करून सांभाळीन. श्रुती, तुला पण सांगतेय."

श्रुती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टर वाईट बाई नव्हत्या. विक्रमच्या शेवटच्या दिवसांत त्या रोज घरी येऊन गेल्या होत्या. आणि त्या म्हणत होत्या त्यात दम होता, हीच तर पंचाईत होती. सूर्याजीराव परत काळ्या खिडकीपुढे बसले. टपाल पुसण्याचा हुकूम विहंगनं सांगितला नव्हता, पण फाइल काढून टाकायचा हुकूम वहीत पहिल्याच पानावर होता. दोन अक्षरं, एक जागा सोडायची, फाइलीचं नाव. त्यांनी तो टाइप केला. एंटरवर बोट ठेवलं.

एंटर दाबला की सगळं झाकलं जाणार होतं. सुनेपुढे मान वर करून बसता आलं असतं. सुधाताई म्हणाल्या असत्या, देवाच्या मनात नव्हतं. विक्रमच्या फोटोपुढे मात्र काय करायचं, ते त्यांना सुचेना. आता मी तुमच्या पहाऱ्यात, असं तो म्हणाला होता. पहाऱ्यावरचा माणूस झोपला तर त्याला माफी असते कदाचित. झोपलो नव्हतो असं खोटं सांगितलं तर काय असतं? सूर्याजीरावांच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्यांना तो आवरता येईना. आपण इतका वेळ रडलोच नव्हतो हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यांनी टाइप केलेलं एकेक अक्षर मागे जाऊन पुसलं. मग पत्रं छापायला टाकली. प्रिंटर कुरकुरत पानं काढत राहिला. पानं गोळा करून, वही काखेत मारून ते बाहेर आले. दारात डॉक्टर म्हणाल्या, "सूर्याजीराव, सोच लीजिए." ते म्हणाले, "सोच लिया, मॅडम."

गरिमा बाकावर बसली होती. एक वाजायला दहा मिनिटं होती. फिकट पिवळी साडी, मांडीवर फाइल, शेजारी सुधाताईंनी दिलेला डबा. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं नव्हतं, तरी ती काही खाऊन आली नव्हती. सासऱ्यांना पाहून ती उभी राहिली. त्यांचे डोळे पाहिले आणि परत बसली.

ते तिच्या शेजारी बसले. घरात ते तिच्या शेजारी कधी बसत नसत, समोर बसत. आज समोर बसवेना.

"सूनबाई, टाकी सुकली," ते म्हणाले. "पाडव्याला. विक्रमचं काहीच उरलं नाही. श्रुतीनं बघितलं. माझी चूक आहे. पूर्ण माझी. मी पहारेकरी काढला, परत बसवला, पण त्यात माझा नंबर राहून गेला. तो ओरडत राहिला आणि मला ऐकूच आलं नाही."

गरिमानं फाइलीच्या दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. समोरच्या भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "केव्हा काढला?"

"नवमीला."

"सकाळी? का पूजेत?"

सूर्याजीरावांनी याच प्रश्नाची धास्ती घेतली होती. एवढी एक गोष्ट तिच्यापासून लपवायची, असं त्यांनी बाहेर येता येता ठरवलं होतं. "सकाळी," ते म्हणाले. "घरी यायच्या आधीच."

"नाही, आबासाहेब. पूजेत. तुम्ही उठून लॅपटॉप घेतला होता. मीच बोलली होती, आज तरी याला गप्प करा."

"त्याचा काही संबंध नाही."

"मीच बोलली होती," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा चेहरा असा मोडला की सूर्याजीरावांना बघवेना. त्यांनी उभ्या आयुष्यात सुनेला हात लावला नव्हता. आज त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. दोघंही रडत होती. आत जाणारं एक जोडपं त्यांच्याकडे पाहून चाल मंद करून गेलं.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "ती पानं द्या."

"काय करायचीत? राहू द्या."

"एवढी पत्रं आली, आबासाहेब. घरात कोणी तर वाचायला पाहिजे."

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेत वह्या तपासते तशी, एकही ओळ न सोडता. एकादशी. वसुबारस. प्रत्येक पान वाचून झालं की ती ते फाइलीखाली सरकवत होती. लक्ष्मीपूजनाच्या पानावर ती थांबली, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुढे गेली. शून्याची पानं तिनं तेवढ्याच सावकाश वाचली. एकोणतीस झाली तरी हातात एक पान उरलं होतं. ते छापलं गेल्याचं सूर्याजीरावांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी नायट्रोजन ओतल्यावर दहा मिनिटांनी पहारेकऱ्यानं ते टाकलं होतं.

गरिमानं ते मोठ्यानं वाचलं, आधी इंग्रजीत आणि मग, त्यांना नीट कळावं म्हणून, मराठीत.

"आज दुपारी बारा चाळीस. पातळी वीस सेंटिमीटर. टाकी भरलेली आहे. सर्व ठीक."

तिनं ते पान घडी करून फाइलीत, विक्रमच्या सहीच्या फॉर्मवर ठेवलं आणि डबा उचलला. "चला," ती म्हणाली, "आईंना आपणच सांगू."